गळती मोजणार कोण?

तेलशुद्धीकरण कारखान्यात व्हॉल्व्ह हजारोंनी असतात. प्रत्येकाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथली फट बुजवायला पॅकिंग भरलेले असते आणि ते दाबून धरणारा ग्लँड वरून आवळलेला असतो. उष्णता, कंपने आणि रोजची उघडझाप यांनी हे पॅकिंग झिजते आणि हायड्रोकार्बनची वाफ सुटू लागते. थेंब पडत नाही, धूर दिसत नाही. ही गळती पकडण्याची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ‘मेथड २१’ या नावाने ठरवून दिली आहे. हातातल्या वायुमापकाची नळी दांड्याच्या अगदी कडेला धरायची, हळूहळू भोवताली फिरवायची आणि आकडा जिथे चढेल तिथे थांबायचे. किती वेळ? यंत्राला प्रतिसाद द्यायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट. यंत्र पाच सेकंद घेत असेल तर दहा सेकंद. शिवाय काम सुरू करण्याआधी, त्याच दिवशी, प्रमाणित वायू देऊन यंत्र जुळवून घ्यायचे.

हे सगळे बिघडायला फारसे काही लागत नाही. नळी दोन सेंटिमीटर दूर धरली की वाऱ्याने वाफ पातळ होते आणि आकडा पडतो. हात घाईने पुढे सरकला तर वाफ यंत्रापर्यंत पोचायच्या आत माणूस पुढच्या व्हॉल्व्हवर गेलेला असतो. नळीच्या टोकाचा फिल्टर धुळीने आणि ग्रीसने बुजला असेल तर हवाच नीट आत ओढली जात नाही. ईपीएच्या तपासनीसांनी अशा १७ शुद्धीकरण कारखान्यांत ४७,००० हून अधिक व्हॉल्व्ह पुन्हा मोजले आणि निष्कर्ष १९९९ मध्ये जाहीर केले. कारखान्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार सरासरी १.३ टक्के व्हॉल्व्ह गळके होते. ईपीएच्या मोजणीत ते ५ टक्के निघाले, म्हणजे जवळपास चौपट.

या फरकामागे प्रत्येक ठिकाणी लबाडी होती असे मानायचे कारण नाही. नियमाची रचनाच बघा. गळक्या व्हॉल्व्हचे प्रमाण २ टक्क्यांच्या खाली राहिले तर दर महिन्याऐवजी तिमाहीला तपासणी चालते, म्हणजे कमी गळती नोंदवणाऱ्याचा खर्च कमी होतो. त्यात तपासणी कंत्राटदाराकडे आणि दर नगावर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबणे म्हणजे त्याचे नुकसान. एका व्हॉल्व्हला एक मिनिट धरले तरी आठ तासांत ४८० च्या पुढे कोणी जाऊ शकत नाही, आणि तेही पाणी न पिता, शिडी न चढता. दिवसाला हजार नोंदी असलेली वही दिसली तर त्या नोंदी मोजून केलेल्या नाहीत, हे गणितच सांगते.

पर्यावरणाचे कायदे आणि ऐच्छिक हरित कार्यक्रम यांना उद्योग कसा प्रतिसाद देतात, या प्रश्नावर उद्योगांच्या नीयतीबद्दल फार बोलले गेले आहे. माझ्या मते त्या चर्चेतून हाती काही लागत नाही. कारखाना तीन गोष्टी बघतो: काय मोजले जाणार, कधी मोजले जाणार आणि मोजणाऱ्याचे बिल कोण भरणार. या तिन्हींची उत्तरे नीट असतील तर सक्तीचा कायदाही चालतो आणि ऐच्छिक कार्यक्रमही चालतो. ती ढिली असतील तर दोन्ही कागदावर राहतात, आणि ऐच्छिक कार्यक्रम तर त्याहून वाईट काम करतो: ज्यांनी सुधारायला हवे त्यांना तो आडोसा देतो.

आधी ‘काय मोजायचे’ हे घेऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि सर्वांत कमी चर्चाही याचीच होते. निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घ्या. टाकीतून सुटे भाग वर उचलले की त्यांना चिकटून थोडे द्रावण बाहेर येते. धंद्यात याला ड्रॅग-आऊट म्हणतात. समजा तासाला एक लिटर द्रावण असे बाहेर येते आणि त्यात लिटरमागे ६० ग्रॅम निकेल आहे. भाग स्वच्छ निघण्यासाठी शेवटच्या पाण्यात ते हजारपट पातळ व्हायला हवे. धुण्याची एकच टाकी असेल तर तासाला १००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या ओळीने ठेवल्या आणि पाणी मालाच्या उलट दिशेने खेळवले, तर हजाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२ लिटर पुरतात. तीन टाक्या असतील तर घनमूळ, म्हणजे फक्त १० लिटर. बाहेर येणारे निकेल तिन्ही वेळा तेवढेच, तासाला ६० ग्रॅम. सांडपाण्यातली तीव्रता मात्र पहिल्या वेळी लिटरमागे ६० मिलिग्रॅम, दुसऱ्या वेळी सुमारे १,९०० आणि तिसऱ्या वेळी ६,००० होते.

आता कायदा लिटरमागे किती मिलिग्रॅम एवढेच बघत असेल, तर पाणी वाचवणारा कारखाना त्याच्या डोळ्यांत जास्त गुन्हेगार ठरतो. नळ सोडून देणारा मर्यादेच्या जवळ जातो. पातळ करण्यावर बंदी अनेक कायद्यांत लिहिलेली असते, पण धुण्याचे पाणी आणि पातळ करायचे पाणी यांच्यातली रेघ तपासनीसाला धुराड्याखाली किंवा नाल्याच्या तोंडाशी उभे राहून दिसत नाही. प्रत्यक्षात तीन टाक्यांची रचना कितीतरी सरस आहे. ते १० लिटर पाणी मुलाम्याच्या टाकीतच परत घालता येते, कारण गरम टाकीतून वाफ होऊन जवळपास तेवढी जागा रिकामी होत असते. निकेलही परत मिळते. त्याची किंमत चुकवावी लागते ती अशी की लोखंड, तांबे आणि चकाकीसाठी घातलेल्या रसायनांचे तुटलेले अंश टाकीत साचत जातात. मग कार्बनमधून गाळण आणि कमी विद्युतप्रवाहावर टाकाऊ पत्र्यांवर मुलामा चढवून धातूंची अशुद्धी ओढून घेणे, ही कामे नियमित करावी लागतात. ती चुकली की माल काळपट निघतो, आणि मालक म्हणतो, “ही हरित भानगड नको.” मग सगळे पुन्हा एका टाकीवर येते.

मर्यादा दर टन मालामागे किंवा दर चौरस मीटर मुलाम्यामागे किती ग्रॅम, अशी वस्तुमानात बांधली असती तर हाच मालक तीन टाक्यांसाठी जागा शोधत फिरला असता. रॅक वर उचलल्यावर पाण्यात घालण्याआधी दहा-पंधरा सेकंद थेंब निथळू द्यायचे, हा फुकटचा उपायही त्याने कामगाराला दटावून करायला लावला असता. नियमाचे एकक बदलले की कारखान्यातला अभियंता वेगळा विचार करू लागतो. हे मंत्रालयात बसून मसुदा लिहिणाऱ्यांना सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

‘कोण मोजणार’ या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ पुरावा गुजरातमधून आला. तिथे जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून पर्यावरण लेखापरीक्षण करून घेणे उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ पासून बंधनकारक आहे. परीक्षक कारखानाच निवडायचा आणि फीही तोच द्यायचा. ती फी कितीदा इतकी कमी असायची की तेवढ्यात धुराड्यावर चढून नमुना घेणे परवडलेच नसते. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत २००९ पासून अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक सोडत काढून नेमून दिले, फी एका सामायिक निधीतून आणि ठरावीक दराने दिली, आणि नोंदींपैकी काही दुसऱ्या संस्थेकडून पुन्हा मोजून घेतल्या. बाकीच्यांची जुनी पद्धत तशीच ठेवली. धुलिकणांची मर्यादा घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम होती. जुन्या पद्धतीतल्या अहवालांतले आकडे या रेषेच्या जरा खाली गर्दी करून बसलेले आढळले. त्या अहवालांनुसार फक्त ७ टक्के कारखाने मर्यादा मोडत होते, तर फेरमोजणीत तसे ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत खोट्या ‘मर्यादेत आहे’ नोंदी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या. आणि महत्त्वाची गोष्ट पुढची: त्या कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केले. मर्यादा तीच होती, दंडही तोच होता. बदलला होता तो फक्त मोजणाऱ्याचा मालक.

हा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवून ऐच्छिक कार्यक्रमांकडे पाहिले की त्यांचे यशापयश समजायला सोपे जाते. ईपीएने १९९१ मध्ये ‘३३/५०’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. १७ विषारी रसायने निवडली, १९८८ हे पायाभूत वर्ष धरले आणि १९९२ पर्यंत ३३ टक्के व १९९५ पर्यंत ५० टक्के घट हे लक्ष्य ठेवले. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक होता. सुमारे १,३०० कंपन्या सहभागी झाल्या आणि लक्ष्य वर्षभर आधी, १९९४ मध्येच गाठले गेले. अनेक वर्षे याला आदर्श मानले गेले. पण आत डोकावले तर घटीचा बराच भाग कार्यक्रम सुरू होण्याआधीच, १९८८ ते १९९१ या काळात झालेला होता. यादीतली कार्बन टेट्राक्लोराइड आणि मिथिल क्लोरोफॉर्म ही रसायने ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराखाली सक्तीनेच बंद होत होती. आणि जे सहभागी नव्हते त्यांचेही उत्सर्जन उतरत होते.

मग काहीच झाले नाही का? झाले, पण त्याचे श्रेय एका सक्तीच्या कायद्याला जाते. १९८६ च्या कायद्याने कारखान्यांना आपण किती विषारी रसायने हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडतो ते दरवर्षी जाहीर करणे भाग पाडले. पहिले आकडे छापून आल्यावर कित्येक व्यवस्थापनांना आपण किती विकत घेतलेला माल धुराड्यातून घालवतो हे पहिल्यांदाच एका तक्त्यात दिसले. ३३/५० ला हा जाहीर तक्ता आयता मिळाला होता. तो नसता तर कार्यक्रमाने काय साधले हे आज तपासताही आले नसते.

रसायन उद्योगाच्या ‘रिस्पॉन्सिबल केअर’ची कहाणी जास्त बोचणारी आहे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८५ मध्ये, हा उपक्रम कॅनडात सुरू झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या रसायन उत्पादकांच्या संघटनेने तो स्वीकारला. आचारसंहिता सविस्तर होती, पण ती पाळली की नाही हे बाहेरून कोणी तपासत नव्हते आणि न पाळल्याबद्दल कोणाला काढूनही टाकले जात नव्हते. १९८७ ते १९९६ या काळातले आकडे तपासणाऱ्या अभ्यासात असे दिसले की सदस्य कंपन्या बिगरसदस्यांपेक्षा हळू सुधारत होत्या. २००० मध्ये अमेरिकेतल्या स्की-केंद्रांनी सुरू केलेल्या ‘सस्टेनेबल स्लोप्स’ या सनदेचेही असेच झाले. बाहेरच्या पर्यावरण गटांनी दिलेल्या गुणांत सहभागी केंद्रे इतरांच्या मागे होती. यात नवल नाही. ज्याच्या नावाला डाग आहे त्यालाच बिल्ल्याची गरज जास्त असते, आणि बिल्ला फुकट मिळत असेल तर रांगेत तोच पुढे उभा राहतो. खरोखर खर्च केलेल्या कारखान्याला मात्र त्याच बिल्ल्याचा उपयोग उरत नाही, म्हणून तो दूर राहतो. पुढे रिस्पॉन्सिबल केअरमध्ये त्रयस्थ प्रमाणीकरण बंधनकारक झाले, म्हणजे उद्योगानेही दुखणे ओळखले.

‘आयएसओ १४००१’ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते प्रमाणपत्र व्यवस्थेला मिळते: धोरण लिहिले आहे का, जबाबदाऱ्या वाटल्या आहेत का, नोंदी ठेवल्या जातात का. उत्सर्जन किती असावे याचा कोणताही आकडा त्यात नाही. दारावर हे प्रमाणपत्र लावलेला कारखाना स्वच्छ असेलच असे त्यातून निघत नाही. ज्याला स्वच्छ व्हायचे आहे त्याला मात्र त्या नोंदवह्या नक्की उपयोगी पडतात.

एनर्जी स्टार हे १९९२ पासूनचे कमी वीज खाणाऱ्या उपकरणांचे चिन्ह. ग्राहकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि उत्पादकांनीही त्यासाठी डिझाइन सुधारले. पण तपासणी उत्पादकाच्या शब्दावर सोडलेली होती. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २० बनावट उत्पादनांचे अर्ज पाठवून पाहिले आणि निष्कर्ष २०१० मध्ये जाहीर केले. त्यांतल्या १५ ना मान्यता मिळाली, आणि त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ होते. त्यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. चिन्ह टिकले ते या दुरुस्तीमुळे.

‘कधी मोजणार’ हा प्रश्न वाहनांच्या इंजिनांनी कायमचा सोडवून दाखवला. १९९८ मध्ये अमेरिकेत सात ट्रक-इंजिन उत्पादकांशी सरकारने समझोता केला, कारण त्यांच्या इंजिनांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा महामार्गावर स्थिर वेगाने जाताना इंधन वाचवण्यासाठी नायट्रोजन ऑक्साइड वाढू द्यायची. चाचणीच्या ठराविक चक्रात मात्र इंजिन नियमात असायचे. सतरा वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांबाबत तेच उघडकीला आले. जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर होते. ते पकडले गेले कारण संशोधकांनी मोजणीचे यंत्र गाडीच्या मागे बांधून ती रस्त्यावर पळवली. चाचणीचा दिवस आणि चाचणीचा रस्ता आधी माहीत असेल तर कारखाना त्या दिवसापुरता चालतो. धुराड्यांचेही तेच. धूर कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्या बॅग फिल्टरला वळसा घालणारी झडप, म्हणजे डॅम्पर, सुरुवातीला, यंत्रणा थंड असताना, उघडावी लागते, नाहीतर ओलाव्याने पिशव्यांवर चिखल बसतो. ती नंतर चुकून उघडी राहिली, की मुद्दाम ठेवली, हे नमुना घ्यायला ठरवून आलेल्या माणसाला कधीच कळत नाही. सतत चालणारा मापकच ते सांगू शकतो.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर जुळली तर काय होते, हे स्वीडनमध्ये दिसते. १९९२ पासून तिथे मोठ्या बॉयलरवर नायट्रोजन ऑक्साइडच्या दर किलोमागे आकार लागतो: सुरुवातीला ४० क्रोनर, २००८ पासून ५०. जमलेली रक्कम सरकार ठेवत नाही. ज्याने जितकी उपयुक्त ऊर्जा तयार केली त्या प्रमाणात ती त्याच कारखान्यांना परत मिळते. म्हणजे सरासरीपेक्षा स्वच्छ चालणाऱ्याला पैसे येतात आणि घाणेरड्याच्या खिशातून जातात. मोजणी सतत व्हायला हवी. जो मोजत नाही त्याला चढा ठोक दर लागतो, म्हणून मापक विकत घेणेच परवडते.

खरी गंमत मापक बसल्यावर सुरू झाली. ज्वाला फार तापली आणि हवा जास्त असली की नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. हवा कमी केली की तो उतरतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन वाढते. या दोन्हींमधला योग्य बिंदू प्रत्येक बॉयलरचा वेगळा असतो, आणि भार बदलला की तोही हलतो. पुस्तकातून तो सापडत नाही. पडद्यावर आकडा दिसू लागल्यावर चालकांनी हवेची झडप थोडी थोडी फिरवून तो शोधला, फारसा भांडवली खर्च न करता. काहींनी ज्वालेच्या वर अमोनिया किंवा युरिया फवारला. तिथे तापमान साधारण ८५० ते १,१०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात लागते. कमी असेल तर अमोनिया तसाच धुराड्यातून निसटतो, जास्त असेल तर तो स्वतःच जळून नायट्रोजन ऑक्साइडमध्ये भर घालतो. पंधरा वर्षांत ऊर्जेच्या दर एककामागचे उत्सर्जन निम्म्यावर आले. कोणते यंत्र लावा हे कायद्याने कोणालाच सांगितले नव्हते.

बक्षीस चुकीच्या जागी बांधले तर उद्योग तितक्याच हुशारीने उलटे वळतात, हेही लक्षात ठेवायला हवे. एचसीएफसी-२२ हा शीतक वायू बनवताना एचएफसी-२३ हा टाकाऊ वायू निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात तेव्हा त्याचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड धरला जाई. तो जाळून टाकणे अगदी स्वस्त, आणि उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणारी, बाजारात विकता येणारी कार्बन प्रमाणपत्रे महाग. परिणामी काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचऱ्यात जास्त नफा दिसू लागला, आणि टाकाऊ वायूचे प्रमाण कमी करण्याचे कारणच उरले नाही. युरोपीय संघाने ही प्रमाणपत्रे मे २०१३ पासून आपल्या बाजारात नाकारली. त्याऐवजी ‘हा वायू जाळलाच पाहिजे’ असा साधा सक्तीचा नियम असता तर तेच काम कितीतरी कमी पैशांत झाले असते.

म्हणून ऐच्छिक कार्यक्रम बंद करा असे मी म्हणणार नाही. जिथे कायदा अजून पोचलेला नाही तिथे तंत्र शिकवायला आणि आकडे गोळा करायला ते कामाचे आहेत. लहान कारखान्याला उलट्या दिशेने पाणी खेळवायची रचना दंडाच्या नोटिशीतून समजत नाही, शेजारच्या कारखान्यात जाऊन ती चालताना पाहिली की समजते. पण बिल्ला द्यायचा असेल तर अटी कडक हव्यात. पायाभूत वर्ष सहभागाच्या वर्षापेक्षा मागचे नको, नाहीतर आधीच झालेल्या घटीचे श्रेय वाटले जाते. आकडे दर टन उत्पादनामागे आणि एकूण, असे दोन्ही जाहीर हवेत. वचन न पाळणाऱ्याचे नाव यादीतून काढायची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली हवी. आणि कार्यक्रम फसला तर कोणता सक्तीचा नियम कधी लागू होईल, हेही आधीच लिहिलेले हवे. ही शेवटची अट उद्योग संघटनांना नकोशी वाटते. पण आपल्या सदस्यांवर दबाव आणायला संघटनेच्या हाती दुसरे काहीच नसते, म्हणून ती त्यांच्याच फायद्याची आहे.

सगळ्यात आधी मोजणीच्या कंत्राटाचा कागद बदलायला हवा. दर नगावर नको, दिवसावर हवा. वायुमापकातल्या वेळेसकट नोंदी तशाच्या तशा द्याव्या लागतील असे त्यात लिहावे, म्हणजे कोणत्या व्हॉल्व्हपाशी माणूस दहा सेकंद थांबला आणि कोणत्या व्हॉल्व्हपाशी दोनच, ते दिसेल. पैसे कारखान्यांच्या सामायिक निधीतून जावेत, मोजणारा सोडतीने यावा. आणि वीस व्हॉल्व्हमागे एक, त्याच आठवड्यात, पहिल्या माणसाला न सांगता, दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजावा.